शाळेच्या रकान्यातला एक

सोमवार, ९ फेब्रुवारी

अर्थसंकल्प मांडला! मांडला कसला, ओतला. महापौर वाचत होता आणि समोरची सगळी मंडळी जांभया देत होती. वर प्रेक्षकांच्या सज्जात मी, माझा शिंपी मित्र आणि एक अनोळखी बाई. ती फक्त पंख्याखाली बसायला आली होती. सगळ्यांत शहाणी तीच.

महापौराचं भाषण म्हणजे नुसता पाक. 'गतिमान', 'सर्वसमावेशक', 'दूरदर्शी' — विशेषणांची रांग लागलेली आणि नामाचा पत्ता नाही! चौथीत आमच्या बाई म्हणायच्या, "विशेषण म्हणजे मीठ रे, चिमटीने घाला." या गृहस्थाने पोतं उपडं केलं. बूट मात्र महागातले. टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली. असा माणूस चालताना एका अंगाला कलतो आणि विचारलं तर म्हणतो, छे, मी सरळच चालतो! जन्मभर चपलांच्या दुकानात लोकांच्या पायाशी बसलो, तेवढं तरी कळतं.

आणि मग शेवटी-शेवटी, पाणी प्यायल्यासारखं सहज एक वाक्य — 'कमी पटाच्या शाळांचं एकत्रीकरण'. म्हणजे आमची शाळा! आमच्या गल्लीतली, माझी शाळा! पोरांनी हमरस्ता ओलांडून पलीकडच्या मोठ्या शाळेत जायचं आणि इथे गाड्या ठेवायला मजल्यावर मजले. पुढच्या वर्षासाठी शाळेच्या रकान्यात शून्य!

बाकं वाजली. धडधडधड. काय ऐकलं म्हणून वाजवली, विचारा एकाला तरी.

तिसऱ्या रांगेत आमच्या प्रभागाची नगरसेविका खाली मान घालून काहीतरी लिहीत होती. तिने बाक वाजवलं नाही. तोंडही उघडलं नाही. नगरसेविका म्हणजे माझी सून.


मंगळवार, १० फेब्रुवारी

सकाळी शाळेच्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो. चौथीचा वर्ग कविता म्हणत होता. तीच! 'निघाली गलबते दूर, किनारा हात हालवी.' चालही तीच, 'दूर'वर तसाच लांब हेलकावा. मी त्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर बसायचो. ओल्या पाटीचा वास यायचा. बाई 'दूर' म्हणताना खिडकीबाहेर बघायच्या आणि आम्हाला खरंच वाटायचं की बाहेर समुद्र आहे. बाहेर तेव्हाही कोळशाची वखारच होती. पण आम्ही समुद्र पाहिला आहे, शपथेवर सांगतो.

त्या समुद्रात आता गाड्या लावणार. मजल्यावर मजले!


बुधवार, ११ फेब्रुवारी

जेवताना विचारलंच.

"सूनबाई, शाळेचं काय?"

"बघते, बाबा."

"बघते म्हणजे?"

"बघते म्हणजे बघते."

मुलगा ताटातून मान वर न काढता म्हणाला, "बाबा, गरम आहे तोवर जेवा." नवरा कसला, नुसता द्वारपाल!

सूनबाई आधी सूतिकागृहात परिचारिका होती. निम्म्या प्रभागाची पोरं हिने तागडीत घालून जोखली, म्हणून तर मतं पडली. पण बोलणं? ताप किती, नाडी किती — त्याच सुरात सगळं. लग्न होऊन आली तेव्हा विचारलं होतं, "एखादी कविता पाठ आहे का गं?" तर म्हणाली, "होत्या बाबा, परीक्षेपुरत्या." तेव्हाच ओळखलं मी.


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

चर्चेचा दिवस. हिला चर्चा म्हणायचं तर मासळीबाजाराला मैफल म्हणावं लागेल.

आज सगळा वेळ बाकड्यांवर गेला. रस्त्याकडेच्या बाकड्यांवर नगरसेवकांची नावं रंगवायची, हे सगळ्यांना मान्य. भांडण कशावरून? नाव पाठीवर की बैठकीवर! एक जण उठून म्हणाला, "बैठकीवर नाव घातलं तर लोक माझ्या नावावर बसतात, महापौर महोदय!" दुसरा म्हणाला, "नाहीतरी तुमच्या नावाचा दुसरा उपयोग काय?" हशा. बाकं वाजली. मग विरोधी पक्षाचा नेता उठला. त्याला आम्ही सज्जात 'डरकाळी' म्हणतो. तो गर्जला की काचा हलतात आणि काचांपलीकडे काही हलत नाही. "जनतेच्या घामाचा पैसा!" अशी डरकाळी फोडली आणि शेवटी मागितलं काय? आपल्या प्रभागाला चार बाकडी जास्त.

भाषणाला ना चाल, ना यती. 'आणि' म्हणून जे सुटायचे ते 'आणि'वरच येऊन आपटायचे. मला तर वाटतं, निवडून येण्याआधी प्रत्येकाकडून एक कडवं पाठ म्हणून घ्यावं. अडखळला की घरी!

शाळेचं नाव कोणी काढलं नाही. सूनबाईनेही नाही. मधे उठून मुख्य लेखाधिकाऱ्याच्या टेबलाशी गेली, वाकून काहीतरी विचारलं, परत येऊन बसली. शिंपी म्हणाला, "तुमची सून भत्त्याचं विचारत असेल हो." मी हसलो. सुनेवर हसलो! पण काय करणार, हसू आलं.


रविवार, १५ फेब्रुवारी

भाषण लिहिलं, सूनबाईसाठी. सुरुवात गलबतांच्या कडव्याने, मग पाटी, मग खिडकी, मग समुद्र आणि शेवटी असा एक सवाल की सभागृह खाली बघेल! बागेत रोजच्या मंडळींना वाचून दाखवलं. शिंप्याने डोळे पुसले. (त्याला मोतीबिंदू आहे, पण तेवढ्याने नाही.)

घरी येऊन सूनबाईला दिलं. उभ्या-उभ्याच वाचलं तिने, कागदाची घडी घातली.

"छान आहे, बाबा. हे बागेत वाचलंत?"

"वाचलं! सगळ्यांना आवडलं."

"वाटलंच." हसली, पण कसंनुसं. "तुम्हाला सकाळी सांगितलेलं दुपारपर्यंत बागेत पोचतं, बाबा."

"मग? पोचू नये? लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

"काही नाही," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

भाषण उशीखाली ठेवून थोर होत नसतं, बाई. म्हणावं लागतं ते!


मंगळवार, २४ फेब्रुवारी

शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. सूनबाई बाहेर गेलेली, म्हणून माझ्याशीच बोलत बसल्या. आवाज बसलेला. म्हणाल्या, "आजोबा, मोठ्या शाळेत सगळी जातील असं कागदावर लिहिलंय. पण मला माहितीये कोण जाणार नाही. हमरस्त्यावर ट्रक थांबतात का कोणासाठी? आया कामावर जातात, सोडायला कोण? लहान भाऊ सांभाळायला म्हणून आधी मुलींनाच घरी बसवतील. एकदा घरी बसली की बसलीच."

मी त्यांना गलबतांची कविता अजून तशीच म्हणतात हे ऐकून किती बरं वाटलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो ना." मग म्हणाल्या, "ती म्हणणारी दोन पोरं रस्त्यापलीकडे पोचणारच नाहीत, आजोबा. नावं सांगू का?"

नको म्हटलं. मला नावं ऐकवेनात.

जाताना म्हणाल्या, "तुमच्या सूनबाईंना सांगा ना. त्या सभेत काहीच बोलत नाहीत. लोक म्हणतात, महापौरांच्या बाजूला गेल्या."

लाज वाटली. माझी नाही, हिची.


बुधवार, २५ फेब्रुवारी

सांगितलं तिला सगळं. 'लोक म्हणतात' तेही सांगितलं, मुद्दाम. चेहरा उतरला तिचा. "म्हणू देत," म्हणाली.

म्हणू देत!


गुरुवार, ५ मार्च

लिहिताना दोनदा पेन्सिलीचं टोक मोडलं, रागाने.

आज उपसूचनांचा दिवस. म्हणजे कोणाला अर्थसंकल्पात काही बदल हवा असेल तर आज सुचवायचा. ढीगभर उपसूचना. चिटणीस क्रमांक वाचतो, सदस्य उठून दोन ओळी पुटपुटतो, महापौर म्हणतो "मंजूर?" आणि सगळे न बघता "मंजूर!" सकाळी निदान माना तरी वर होत होत्या. दुपार झाली, शेजारच्या दालनात जेवणाच्या ताटांचा खणखणाट सुरू झाला आणि मग काय! माना दाराकडे, नाकं दाराकडे, तोंडं तेवढी सभागृहात. 'मंजूर, मंजूर, मंजूर' — गिरणीचा पट्टा फिरावा तसं. एकाने जेवणाच्या तंद्रीत स्वतःच्याच विरोधातली उपसूचना मंजूर केली आणि शेजाऱ्याने चिमटा काढला तेव्हा म्हणतो कसा, "असू दे, आता भूक लागलीये."

आणि नेमकी तेव्हा सूनबाई उठली! मी पुढे सरसावलो. शिंप्याचा हात धरला. आता गलबतं निघणार!

तिने कागदही घेतला नव्हता. रुग्णाचा ताप सांगावा तशा आवाजात म्हणाली, "शाळेच्या रकान्यात शून्याऐवजी एक रुपया धरावा."

"मंजूर?"

"मंजूर!"

आणि बसली. झालं! सभा जेवायला उठली.

एक! मागायचं म्हणून मागितलं काय, तर एक! कविता नाही, सवाल नाही, त्या पोरांचं नाव नाही. भिकाऱ्यानेही एवढं कमी मागितलं नसतं. चिटणिसाकडून अर्थसंकल्पाचं ते जाडजूड पुस्तक मागून घेतलं आणि पाहिलं की असा 'एक' आणखी कोणाकोणाला दिलाय. तर 'घोड्यांचे पाणवठे — एक'! शहरात घोडा उरला नाही, माझ्या लहानपणीच शेवटचा टांगा मोडला, पण पाणवठ्यापुढे एक अजून मांडतात हे मूर्ख! दरवर्षी मांडतात! त्या मेलेल्या घोड्यांच्या पंगतीला माझ्या सुनेने माझी शाळा नेऊन बसवली.

संध्याकाळी ती आल्या-आल्या म्हणालो, "एक? लाज नाही वाटली?"

"बाबा, सध्या एवढंच पुरे आहे."

"पुरे! कोणाला पुरे? तुला?"

"सोमवारपर्यंत थांबा ना जरा. सोमवारी शेवटची मंजुरी झाली की बसून सांगते सगळं. तोवर कुठे बोलू नका. बागेतसुद्धा."

"तोंड दाबतेस माझं?"

"पाया पडते तुमच्या, बाबा."

पाया पडते! आपली फजिती झाकायला माणूस काय काय करतो! मी खोलीत निघून गेलो. जेवलो नाही.


शुक्रवार, ६ मार्च

मुलगा खोलीत आला. "बाबा, तिला नीट विचारा तरी एकदा."

"काय विचारू? एकचा पाढा?"

गेला निघून. दार हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.


शनिवार, ७ मार्च

बागेत गेलो. बोललो नाही कोणाशी, तिने सांगितलं म्हणून नव्हे, शरमेने. शिंप्याला मात्र राहवेना. "एक म्हणजे काय हो नक्की? टोमणाच झाला की शाळेला." बरोबर बोलला. टोमणाच. आणि तो आमच्या घरातून मारला गेला!

दुपारी पडल्या-पडल्या बाईंचा आवाज ऐकू आला. आमच्या, चौथीच्या. "कोण म्हणेल रे उभं राहून?" सगळ्यांच्या माना खाली. आणि मीच हात वर करायचो तेव्हा, नेहमी मीच. बाई माझ्याकडे बघून हसायच्या. ते हसू अजून दिसतं डोळ्यांपुढे.

ठरलं.


सोमवार, ९ मार्च

आज मी म्हातारा नव्हतो!

सकाळी सूनबाई म्हणाली, "बाबा, ऊन फार आहे, आज नका येऊ सभेला." ती गेल्यावर स्वच्छ सदरा घातला, जोड्यांना पॉलिश केलं आणि शिंप्याला घेऊन निघालो.

शेवटच्या मंजुरीला सभागृह गच्च भरलेलं. सज्जातही माणसं, वार्ताहर, शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईसुद्धा आलेल्या. महापौर एकेक विभाग वाचत होता आणि खाली तोच गिरणीचा पट्टा. शिक्षण आलं. "मंजूर?" म्हणून त्याने तोंड उघडलं आणि मी उभा राहिलो.

"नामंजूर!"

सगळ्यांच्या माना वर! आयुष्यात पहिल्यांदा या लोकांनी मान वर केली असेल! शिपाई माझ्याकडे धावला, पण महापौराने हात करून थांबवलं. वार्ताहर बसले होते ना समोर. "बोलू द्या, बोलू द्या, ज्येष्ठ नागरिक आहेत."

मग बोललो! गलबतांचं कडवं म्हटलं, चालीवर. 'दूर'वर आवाज फाटला, फाटू दे. मग म्हणालो, "या शाळेपुढे तुम्ही एक मांडलात. मेलेल्या घोड्यांना देता तेवढा एक! द्यायचं तर शाळेला शाळेसारखं द्या, नाहीतर सरळ शून्य लिहा! आमची चेष्टा करू नका!"

सज्जा टाळ्यांनी दणाणला. शाळेच्या बाई रडत होत्या. डरकाळीसुद्धा बाक वाजवत होता, त्याला काही कळलं असेल तर शपथ!

आणि महापौर गोंधळला! पुस्तकाची पानं चाळायला लागला. 'एक? कुठला एक?' असं तोंड झालं त्याचं. एवढं मोठं पद, आणि आपण काय मंजूर केलं तेही माहीत नाही! लेखाधिकाऱ्याला जवळ बोलावलं. लेखाधिकारी आधी सूनबाईकडे बघायला लागला, मग वाकून त्याच्या कानात काहीतरी बोलला. बराच वेळ बोलला. महापौराचा चेहरा हळूहळू मऊ झाला. म्हणाला, "आजोबांचं बरोबर आहे. अगदी बरोबर! ही शाळेची चेष्टाच आहे. हे माझ्या नजरेतून सुटलं, मी माफी मागतो. त्यांच्या भावनेचा मान राखून तो एक आपण काढून टाकू. मंजूर?"

"मंजूर!"

माझ्यापुढे वाकले सगळे! त्या सभागृहात कोणाच्या तरी शब्दाने एक आकडा हलला, तोही कवितेने! शाळा वाचली नाही, ठाऊक आहे मला. ती या लोकांच्या हातून वाचणारच नव्हती. पण मान खाली घालून गेली नाही. ताठ गेली!

सूनबाईने वर सज्जाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी नजर वळवली नाही. तिनेच वळवली.


मंगळवार, १० मार्च

वर्तमानपत्रात माझा फोटो! तोंड उघडं, बोट वर. मथळा — 'आजोबांनी सभागृहाला सुनावले'. बागेत सगळे उठून उभे राहिले. एका अनोळखी माणसाने हात मिळवला. शिंप्याने सदरा फुकट शिवून देतो म्हटलं.

घरात मात्र कोणी विषय काढला नाही. सूनबाई बोलते, नाही असं नाही. "बाबा, औषध घेतलंत?" एवढंच. मनाला लागलं असेल. लागायलाच हवं.


गुरुवार, १२ मार्च

सकाळी मुलाने सांगितलं. बुटाची नाडी बांधता-बांधता, माझ्याकडे न बघता. रकान्यात शून्य आलं की ते नाव पुस्तकातूनच उडतं, मग वर्षभर कोणी काही करू शकत नाही. पण एक असला तरी नाव जिवंत राहतं आणि दुसऱ्या कामाचे उरलेले पैसे मधेच त्यात वळवता येतात. बाकड्यांचे उरणारच होते. लेखाधिकारी तयार झाला होता. फक्त महापौराच्या लक्षात यायला नको होतं, म्हणून तिने जेवणाची वेळ गाठली होती.

"तिनेच सांगितलं असतं बाबा, सोमवारी रात्री," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी शाळेच्या बाई आल्या. माझे दोन्ही हात धरले. "आजोबा, तुम्ही एकटे तरी उभे राहिलात." मग सूनबाईकडे वळल्या. "घरात असा माणूस असून तुमच्या तोंडून एक शब्द निघाला नाही? उद्या ती पोरं रस्त्यावर आली की त्यांना तोंड कसं दाखवाल?"

सूनबाई म्हणाली, "चुकलंच माझं, बाई. बसा ना, उभ्या का?"

मी समोरच खुर्चीत होतो. बोललो नाही.